बिनपत्त्याचं अंडं

मीरा रोडच्या कुठल्याही किराणा दुकानात अर्धा डझन अंडी मागितली, की दुकानदार तीसच्या ट्रेमधून सहा उचलतो, पिशवीत घालतो आणि आपण यूपीआय करून निघतो. या व्यवहारात पैशाचा पूर्ण माग राहतो: कुणी दिले, कुणाला दिले, किती, किती वाजता. अंड्याचा मात्र काहीच माग राहत नाही. ते कुठल्या फार्मवरचं, किती दिवसांपूर्वीचं, ट्रकमध्ये उन्हात किती तास होतं, यातलं काहीही कवचावर लिहिलेलं नसतं. दुकानदारालाही ते ठाऊक नसतं. त्याला त्याचा होलसेलवाला ठाऊक असतो, बस.

आणि हे अंडं बरंच लांबून आलेलं असू शकतं. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात रोज सव्वादोन कोटींहून जास्त अंडी खाल्ली जातात आणि राज्यात तयार होतात जेमतेम एक ते सव्वा कोटी. उरलेली कर्नाटक, तेलंगणा, तमिळनाडूकडून येतात.

आता समजा, त्यातल्या एका अंड्यात साल्मोनेला होता आणि घरातलं कुणीतरी चार दिवस अंथरुणाला खिळलं. जबाबदार कोण? दुकानदार, होलसेलवाला, की तीन राज्यं पलीकडची कोंबडी? या प्रश्नाला इतिहास आहे. काही देशांनी ताटापासून कोंबडीपर्यंत उलटं चालत जाण्याची वाट बांधून काढली. आपल्याकडे कायदा आहे, पण वाट मध्येच तुटते. ती कुठे तुटते आणि तरीही आजारी माणसाच्या हातात काय उरतं, ते पाहू.

नाव साहेबाचं, काम ज्युनिअरचं

साल्मोनेलाचा साल्मन माशाशी काही संबंध नाही. १८८५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत थिओबाल्ड स्मिथ या तरुण संशोधकाला आजारी डुकरांमध्ये एक जिवाणू सापडला. त्याचे साहेब होते डॅनियल साल्मन. पुढे १९०० मध्ये या कुळाला नाव मिळालं ते साहेबांचं. आयटीत काम करणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी घटना घडली १८८८ मध्ये, जर्मनीतल्या फ्रँकेनहाउझेन गावात. एका आजारी गाईचं मांस खाऊन पन्नासहून अधिक लोकांना विषबाधा झाली आणि एक तरुण दगावला. ऑगस्ट गेर्टनर या डॉक्टरने मेलेल्या माणसाच्या शरीरातून आणि त्या गाईच्या मांसातून एकच जिवाणू वेगळा काढला. लोक पूर्वीही खाऊन आजारी पडत होते, पण खाणारा आणि खाल्लेली वस्तू यांच्यातला दुवा इथे प्रयोगशाळेत सिद्ध झाला. आज अंड्यांच्या संदर्भात ज्याचं नाव सर्वाधिक येतं, तो साल्मोनेला एंटेरिटिडिस हाच.

याच कुळातला एक सदस्य आपल्या घराघरात ओळखीचा आहे: विषमज्वराचा, म्हणजे टायफॉइडचा जिवाणू. तो फक्त माणसात राहतो. बाकीचे बहुतेक प्राण्यांच्या आतड्यात मुक्काम करतात आणि अन्नातून आपल्यापर्यंत येतात. अंड्यात शिरायचे त्यांचे रस्ते दोन. एक बाहेरून: कोंबडीची विष्ठा कवचाला लागते आणि कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून जिवाणू आत जातो. दुसरा आतून: कोंबडीच्या अंडाशयातच जिवाणू असतो, त्यामुळे कवच तयार होण्याआधीच तो आत पोचलेला असतो. ही कोंबडी आजारी दिसत नाही आणि तिचं अंडं बाहेरून कितीही स्वच्छ असलं तरी उपयोग नसतो.

खाल्ल्यापासून साधारण ६ ते ७२ तासांत जुलाब, ताप, पोटात कळा सुरू होतात. हा ७२ चा आकडा लक्षात ठेवा. माणूस दोष देतो शेवटच्या जेवणाला. खरा गुन्हेगार परवाचा असू शकतो.

एक वाक्य आणि एक मंत्रिपद

आतून येणारा हा जिवाणू १९८० च्या दशकात ब्रिटन आणि अमेरिकेत एकदम वाढला. १९८८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की १९८५ ते १९८७ या काळातल्या एंटेरिटिडिसच्या ज्या उद्रेकांचं मूळ सापडलं, त्यातल्या ७७ टक्के उद्रेकांमागे अंडी होती. तीही फुटकी-घाण नव्हे, पहिल्या प्रतीची.

त्याच वर्षी ३ डिसेंबरला ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री एडविना करी टीव्हीवर बोलून गेल्या, की देशातल्या बहुतांश अंडी-उत्पादनात साल्मोनेला शिरला आहे. अंड्यांचा खप कोसळला, शेतकरी खवळले आणि दोन आठवड्यांच्या आत, १६ डिसेंबरला त्यांना राजीनामा द्यावा लागला. उत्पादन आणि अंडी यांत त्यांनी गफलत केली होती. संसर्ग कळपांमध्ये होता, म्हणून प्रत्येक अंडं दूषित नव्हतं. पण कळपांबद्दलची त्यांची मूळ काळजी खरी होती.

मंत्रीण गेल्या, काम राहिलं. संसर्ग सापडलेले कळप मारले गेले. १९९८ मध्ये उत्पादकांनी सिंहाचा शिक्का आणला: ज्या फार्मच्या कोंबड्यांना साल्मोनेलाची लस दिली आहे, जिथल्या नोंदी तपासता येतात, त्याच अंड्यावर हा शिक्का. पुढे युरोपभर कवचावर देश आणि फार्मचा क्रमांक छापणं सुरू झालं. जवळजवळ तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ब्रिटनच्या अन्न विभागाने सांगितलं की सिंहाचा शिक्का असलेलं अंडं गरोदर बाया, लहान मुलं आणि म्हातारी माणसंसुद्धा अर्धकच्चं खाऊ शकतात. लस आणि कवचावरचा पत्ता यांना मिळालेलं हे प्रशस्तिपत्रकच.

आपलं अंडं अनोळखी कसं झालं

उत्तन, डोंगरी, भाईंदर गाव इथल्या जुन्या घरांत परसात कोंबड्या असायच्या. अंडं कुणाच्या कोंबडीचं, हे खाणाऱ्याला माहीत असायचं. पण परसातल्या कोंबड्यांवर मुंबईसारखं शहर पोसत नाही. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वर हॅचरीज सुरू केली. पुढे पुणे या उद्योगाचं मोठं केंद्र झालं. व्यापारी भाव पाडतात म्हणून हैराण झालेल्या उत्पादकांना एकत्र आणून त्यांनीच १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, उभी केली. दूरदर्शनवरच्या त्यांच्या जाहिराती आपल्या आईवडिलांना आजही पाठ आहेत. अंडं स्वस्त झालं, शाकाहारी म्हणवणाऱ्या घरांतही चोरून का होईना पोचलं. हे मोठंच काम होतं.

एनईसीसी आजही शहरागणिक अंड्याचा रोजचा भाव जाहीर करते. म्हणजे मुंबईत अमुक तारखेला अंड्याचा घाऊक भाव काय होता, हे पैशापर्यंत सांगता येतं. तेच अंडं कुठून आलं, हे मात्र नाही. शेतकऱ्याला भावाची गरज होती, म्हणून भावाची व्यवस्था उभी राहिली. आजारी माणसाच्या गरजेपोटी काही उभं करायला तशी संघटना नव्हती.

हा फरक फेब्रुवारी २००६ मध्ये लख्ख दिसला. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या आणि सरकारने मालकांना पक्ष्यामागे भरपाई दिली. ती द्यायलाच हवी होती, नाहीतर कुणी आजार कळवलाच नसता. पण यातून एक गोष्ट कळते: कोंबड्यांची मोजदाद होते, मालकाचं नाव कागदावर असतं, म्हणून भरपाई पोचते. अंडं खाऊन आजारी पडलेल्यांची मोजदादच होत नाही.

कायद्यात आजारी माणूस कधी आला?

१८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २७२ आणि २७३ होती: खाण्यात भेसळ किंवा अपायकारक अन्नाची विक्री, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद आणि हजार रुपयांपर्यंत दंड. १९२५ मध्ये मुंबई इलाख्याने स्वतःचा भेसळ प्रतिबंधक कायदा केला. १९५४ मध्ये देशभरासाठी अन्न भेसळ प्रतिबंध कायदा आला. या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः दुधात पाणी घालणारा माणूस होता. साल्मोनेला कुणी अंड्यात मिसळत नाही. शिवाय दंड झाला तरी तो जायचा सरकारी तिजोरीत. ज्याचं पोट बिघडलं, त्याच्या हाती काही नाही.

हे बदललं अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मुळे. त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून झाली. यात भेसळीच्या जागी ‘असुरक्षित अन्न’ ही कल्पना मध्यभागी आली आणि कलम ६५ मध्ये आजारी माणसासाठी भरपाई आली: मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजा असल्यास ३ लाखांपर्यंत, इतर इजेसाठी १ लाखापर्यंत. ही रक्कम घटनेपासून सहा महिन्यांच्या आत मिळावी, आणि मृत्यूच्या प्रकरणात वारसांना ३० दिवसांत अंतरिम मदत मिळावी, असंही तिथे लिहिलं आहे.

वाचायला छान वाटतं. पण त्याच कायद्यात कलम १८(३) आहे. त्यानुसार शेतकरी, शेतीची कामं आणि पशुधन यांना हा कायदा लागू होत नाही. हेतू चांगला होता; भाजी विकणाऱ्या शेतकऱ्यामागे इन्स्पेक्टर लागू नये. पण याचा अर्थ, अंड्यासाठी कायदा फार्मच्या फाटकाबाहेर सुरू होतो आणि आतून येणारा साल्मोनेला फाटकाच्या आत असतो.

दुसरी तुटलेली कडी कलम ३५. विषबाधेचे रुग्ण आढळले तर डॉक्टरांनी कळवावं, असं अन्न प्राधिकरण सांगू शकतं. पण ते अधिसूचना काढून, ठरावीक भागापुरतं. सर्व डॉक्टरांवर सरसकट बंधन नाही. त्यामुळे एकाच दिवशी भाईंदर पूर्वेत चार, मीरा रोडला पाच आणि दहिसरला सहा जण चार वेगवेगळ्या दवाखान्यांत त्याच जिवाणूने आजारी पडले, तरी ते पंधरा जण एकमेकांना कधीच भेटत नाहीत. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम क्रॅश होते, पण लॉग लिहिलाच जात नाही.

लॉग असला की काय होतं

२०१० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत एंटेरिटिडिसचे रुग्ण अचानक वाढले. तिथे रुग्णाच्या शौचातून मिळालेल्या जिवाणूचा जनुकीय ठसा घेऊन तो राष्ट्रीय जाळ्यात टाकायची पद्धत १९९६ पासून होती. वेगवेगळ्या राज्यांतले ठसे जुळले. रुग्णांनी काय खाल्लं ते विचारलं, हॉटेलं सापडली, हॉटेलांना अंडी पुरवणारे सापडले, आणि माग पोचला आयोवा राज्यातल्या फार्मपर्यंत. ऑगस्टमध्ये दोन कंपन्यांनी मिळून ५० कोटींहून जास्त अंडी बाजारातून परत मागवली. नोंदलेल्या रुग्णांपैकी १९०० हून अधिक जण या उद्रेकाशी जोडले गेले.

पुढचं महत्त्वाचं. यातली मोठी कंपनी चालवणाऱ्या ऑस्टिन डिकोस्टर आणि त्यांचा मुलगा पीटर यांनी गुन्हा कबूल केला. एप्रिल २०१५ मध्ये दोघांना प्रत्येकी तीन महिन्यांची कैद झाली, कंपनीला ६७ लाख ९० हजार डॉलर दंड. तीन महिने म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण कुणीतरी आजारी पडल्यापासून फार्मच्या मालकापर्यंत अखंड साखळी कोर्टात उभी राहिली. त्याची सुरुवात झाली होती कुठल्यातरी डॉक्टरने लिहून दिलेल्या शौचाच्या कल्चर तपासणीने.

आता आपल्याकडचं पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये हैदराबादला मोमो खाऊन एका बाईचा मृत्यू झाला, अनेक जण आजारी पडले. ३० ऑक्टोबरला तेलंगणाने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभरासाठी बंदी घातली. केरळने हेच जानेवारी २०२३ मध्ये केलं होतं, तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये केलं. मे २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्दला रस्त्यावरचा शोर्मा खाल्ल्यानंतर १९ वर्षांचा तरुण गेला. पोलिसांनी दोन विक्रेत्यांना अटक केली. तिथे संशय चिकनवर होता, पण पॅटर्न तोच. बंदी आली पदार्थावर, हातकडी पडली गाडीवाल्याला. मेयोनीजवरच्या बंदीला शास्त्रीय आधार आहे, कारण कच्च्या अंड्यात जिवाणू मरायला उष्णताच मिळत नाही. पण त्यातलं अंडं कुठून आलं, हा प्रश्न दोन्हीकडे शेवटच्या विक्रेत्यापाशी थांबतो.

तर मीरा-भाईंदरच्या आजारी माणसाने काय करायचं?

आधी जीव, मग न्याय. निरोगी माणूस बहुतेक वेळा चार-सात दिवसांत ओआरएस, पाणी आणि विश्रांतीवर बरा होतो. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही. ते डॉक्टरने ठरवायचं. तान्ही मुलं, गरोदर बाया, साठीपुढची माणसं, किंवा जुलाबातून रक्त, खूप ताप, लघवी कमी होणं असं काही असेल तर दवाखाना गाठायला उशीर नको. जिवाणू रक्तात उतरला तर जीवावर बेतू शकतं.

दवाखान्यात एक वाक्य नक्की म्हणा: “डॉक्टर, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी शौचाचं कल्चर करू या का?” गोळी घेतल्यावर जिवाणू सापडण्याची शक्यता घटते. तापाला सवयीने होणारी विडाल चाचणी इथे पुरावा ठरत नाही. ती विषमज्वरासाठी आहे. सरकारी रुग्णालयातला केसपेपर असो वा खाजगी दवाखान्यातला, त्यावर काय खाल्लं आणि केव्हा, हे लिहून घ्या. तुमचं प्रकरण पुढे उभं राहिलं, तर या कागदावर राहील.

घरी आल्यावर तीन दिवसांतलं सगळं खाणं आठवून लिहा. सोबत कुणी खाल्लं आणि त्यातलं कोण आजारी पडलं, हेही. उरलेला पदार्थ किंवा त्याच ट्रेमधली अंडी टाकू नका. स्वच्छ डब्यात बंद करून फ्रिजमध्ये वेगळी ठेवा. बिल, यूपीआयची नोंद, डिलिव्हरी ॲपवरची ऑर्डर यांचे स्क्रीनशॉट काढा. हॉटेलच्या बिलावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक असतो, तो टिपून ठेवा.

मग रस्ते दोन आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालता येतात.

पहिला, अन्न व औषध प्रशासनाचा. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात येतं, तेव्हा तक्रार ठाणे कार्यालयात किंवा फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर. अन्न सुरक्षा अधिकारी नमुने घेऊ शकतो. म्हणून तक्रार आठवड्याने नव्हे, त्याच दिवशी करा, कारण आठवड्यात ट्रे संपलेला असतो. भरपाईचं कलम ६५ याच रस्त्यावर लागतं. गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत एक वर्ष, आयुक्तांनी कारण देऊन मंजुरी दिली तर तीन वर्षांपर्यंत.

दुसरा, ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाचा. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता तिथेच करता येते. फार्म नामक्कलला असला तरी तमिळनाडूला जायची गरज नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही प्रयत्न करता येतो. इथे एक लाखाची कमाल मर्यादा नाही: दवाखान्याचं बिल, बुडालेला पगार, मनस्ताप, सगळं मागता येतं.

याच २०१९ च्या कायद्यात कलम ८६ आहे आणि ते बिनपत्त्याच्या अंड्यासाठी फार महत्त्वाचं आहे. वस्तू कुणी तयार केली हे कळत नसेल, तर ती विकणाऱ्यावर जबाबदारी येते. म्हणजे “मला काय माहीत कुठलं अंडं,” हे दुकानदाराचं उत्तर त्याला सोडवत नाही, उलट अडकवतं.

आजारी माणसाला यातून वाट मिळते. पण भुर्जीच्या गाडीवाल्याकडून लाख रुपये कुठून निघणार? आणि ज्याने लस दिली नाही, शेड साफ ठेवली नाही, तो फाटकाच्या आत सुरक्षितच राहणार. म्हणूनच शिक्का खाणाऱ्याइतकाच विकणाऱ्याच्याही फायद्याचा आहे. ट्रेवर फार्मचं नाव आणि तारीख असली, तर किराणावाला बोट दाखवून सुटू शकतो. आज तो ते विचारतही नाही. होलसेलवाल्याकडून नाव-तारखेचं बिल घ्यायला लागला, तर पहिली कडी तिथेच जुळेल.

याला अंड्याविरुद्धचा प्रचार समजू नका. पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवलेलं अंडं सुरक्षित असतं. आपला रस्सा, भुर्जी, उकडलेलं अंडं या कसोटीवर पास आहेत. प्रश्न हाफ फ्राय, घरचा मेयो आणि जिममधल्या कच्च्या अंड्याच्या ग्लासाचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं दिलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद केले. भीती वाढली की सगळ्यात आधी अशाच मुलांच्या ताटातून अंडं जातं. हाफ फ्राय खाणाऱ्यांचं काही बिघडत नाही.

ब्रिटनमध्ये अंड्यावर शिक्का आला तो कुणा मंत्र्याच्या सदिच्छेने नाही. तिथे आजारी माणसांची नोंद होत होती, आकडा फुगला आणि लपवता येईना, म्हणून आला. आपल्याकडे तो आकडा अजून तयारच व्हायचा आहे. तेव्हा पुढच्या वेळी घरात कुणाचं पोट असं बिघडलं, की कल्चर करून घ्या आणि तक्रार नोंदवा. त्यातून पैसे मिळतील न मिळतील, एक नोंद मात्र नक्की वाढेल.